खिंड, किल्ला आणि किल्ली

आमच्या घरात किल्ला पडला तो एका शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास. सौभाग्यवती दही विरजत होत्या, मी लोडाला टेकून पेपरातले राहिलेले शब्दकोडे सोडवत होतो आणि चिरंजीव लॅपटॉपवर सिनेमा पाहत होते. एकाएकी असा काही धडाका झाला, की माझे पेन आडव्या शब्दातून थेट उभ्या शब्दात गेले.

"काय पडलं रे?"

"भिंत," चिरंजीव मान न वळवता म्हणाले. "हेल्म्स डीपची."

कोल्हापुरात पावसाळ्यात भिंत पडणे यात नवल काही नाही. मातीची भिंत असली तर पंचनामाही होतो. पण ही भिंत चांगली दगडी होती. डोंगरांच्या बेचक्यात एक खिंड, खिंडीच्या तोंडावर किल्ला, आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एकच आडवी तटबंदी. बाहेर हजारो राक्षस पावसात भिजत उभे. एवढ्या जाड भिंतीच्या बुडाशी ओढ्याचे पाणी जायला एक मोरी ठेवलेली होती. शत्रूने त्या मोरीत सुरुंग ठेवला आणि भिंत आकाशात गेली.

"ती मोरी कुणाच्या ताब्यात होती?" मी विचारले.

"बाबा!"

"नाही, म्हणजे तिथं पहारा कुणाचा होता? एवढ्या मोठ्या मोरीला एक माणूस नको?"

"बाबा, ही फँटसी आहे."

"फँटसीत मोऱ्या तुंबत नाहीत का रे?" सौभाग्यवतींनी विरजणावर झाकण ठेवत विचारले. त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा मूलभूत होता. चिरंजिवांनी कानात ती बोंडे घातली आणि राज्य वाचवायचे काम एकट्याने पुढे चालू ठेवले.

वाचकहो, यात माझा दोष नाही. दोष धंद्याचा आहे. बावीस वर्षे बँकेत जाळीमागे बसून नोटा मोजलेल्या माणसाला कुठलीही भिंत दिसली की तिच्यातले भोक आधी दिसते. लग्नाच्या पंक्तीत बसलो तर जिलेबीकडे न बघता वाढप्याच्या हातातल्या यादीकडे माझे लक्ष जाते. डोंगरातली खिंड म्हणजे तरी काय? एक काउंटर. सगळ्या गर्दीने एकाच फटीतून यायचे आणि किल्ल्याने जाळीमागून बघायचे, कोण आले, काय आणले, किती भरले. नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण अजून आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. म्हणजे खिंडीतल्या पहारेकऱ्याचा मूळ धंदा तलवारीचा नसून पावतीचा! दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बसून 'सुटे द्या' म्हणणारा जो कोणी होता, तो माझा खापरपणजोबा नसला तरी व्यवसायबंधू खास होता.

तेव्हा या विषयावर बोलायचा मला काही अधिकार आहे, असे मी ठरवले. आणि समीक्षा करायची तर मूळ ग्रंथ वाचला पाहिजे, म्हणून चिरंजिवांच्या कपाटातून टोल्किनसाहेबांचे तीन भाग ओढून काढले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इंग्रजीशी माझा संबंध 'युवर लेटर डेटेड' येथपर्यंतच. साहेब पडले ऑक्सफर्डचे प्राध्यापक, त्यातून भाषाशास्त्राचे. दुसऱ्या कुणी राज्य निर्माण केले असते तर भाषा इंग्रजी ठेवली असती; यांनी एल्फ लोकांसाठी स्वतंत्र व्याकरण केले. डिक्शनरी मांडीवर घेऊन पावसाळा लागायच्या आत मी तिन्ही भाग संपवले. १९५४-५५ साली निघालेले पुस्तक माझ्यापर्यंत पोचायला एवढी वर्षे लागली, यात टपाल खात्याचा दोष नाही.

आणि मला कबूल केले पाहिजे, की मोरीबद्दल साहेबांवर माझा राग होता तो पुष्कळसा निवळला. कारण पुस्तकात त्या खिंडीमागच्या गुहांमध्ये धान्य साठवले आहे, जनावरे आणली आहेत, त्यांचा चारासुद्धा आणला आहे. चारा! ज्या लेखकाला युद्धाच्या धामधुमीत वैरणीची आठवण राहते, तो आपला माणूस. २००२ सालच्या सिनेमात मात्र लक्षात राहतात त्या तलवारी. सिनेमावाल्यांचा दोष नाही. वैरण पाहायला तिकीट कोण काढणार?

पण या ग्रंथातला खरा खिंडीतला किल्ला वेगळाच आहे. त्याचे नाव सिरिथ उंगोल, म्हणजे कोळ्याची खिंड. सैतानाच्या मुलखाच्या सरहद्दीवर डोंगरात एक चिंचोळी वाट आहे. वाटेत बैलाएवढी कोळीण बसलेली आहे आणि वर बुरूज आहे. फाटकात दोन दगडी पहारेकरी, प्रत्येकाला तीन तोंडे. आता इथे साधा वाचक कोळिणीला घाबरतो. मी घाबरलो नाही. आमच्या स्ट्राँगरूममध्ये तिच्या धाकट्या बहिणी आहेत. मी थांबलो ते पुढच्या एका गोष्टीपाशी. हा बुरूज सैतानाने बांधलेलाच नाही! तो बांधला चांगल्या लोकांनी. सैतान हरल्यावर त्याची माणसे पुन्हा बाहेर येऊ नयेत, म्हणून आत तोंड करून बांधलेली ती चौकी. मग वर्षे गेली. काहीच घडेना. पहारा पेंगला, माणसे कमी झाली, बुरूज ओस पडला, आणि एक दिवस आतल्यांनीच तो ताब्यात घेतला. दगड तेच, खिंड तीच, नोकरी उलटी.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि पंखा बंद करून स्वस्थ बसलो. इतके खरे मला फार दिवसांत कुणी सांगितले नव्हते. किल्ला सुरुंगाने पडतो हे सिनेमाचे मत. साहेबांचे मत असे, की किल्ला कंटाळ्याने पडतो. आणि कंटाळ्यातला माझा अनुभव बावीस वर्षांचा आहे.

पुढे तर साहेबांनी कमालच केली आहे. त्या बुरुजावरच्या राक्षसांना वरून हुकूम असतो, की कोणी घुसखोर सापडला तर त्याच्या अंगावरच्या एकूणएक चीजवस्तूची यादी करून मुख्य कचेरीला पाठवा. सापडतो एक नायक, त्याच्या अंगात मौल्यवान धातूचे चिलखत. बुरुजावरची तुकडी आणि शेजारच्या ठाण्यावरून आलेली तुकडी यांच्यात त्या चिलखतावरून अशी जुंपते, की सकाळपर्यंत किल्ला जवळजवळ रिकामा. नायकाचा नोकर एकटा आत चालत जातो. याचे वर्णन समीक्षक 'नियतीचा खेळ' वगैरे करतील. मी एवढेच म्हणेन, की माल रजिस्टरला चढवण्यापूर्वी आपसांत हात लावला की शाखा बंद पडते. राक्षसाची असली तरी.

मग माझी तक्रार काय? तक्रार आहे. साहेबांना हिशेब कळतो, पण त्यांच्या ग्रंथात हिशेब लिहिणारा माणूस कुठे नाही. राजे आहेत, जादूगार आहेत, बुटके आहेत, चालती-बोलती झाडे आहेत. पण त्या गुहांत वैरण आली तेव्हा पेंढ्या कोणी मोजल्या? ओळीत सगळ्यात शेवटी उभा असलेला, कानाला बोरू लावलेला, 'मागची थकबाकी दिल्याशिवाय नवीन बाण मिळणार नाहीत' म्हणणारा माणूस कुठाय? तीन भागांत मला तो भेटला नाही. इतकी वर्षे नोकरी केली, आणि माझ्यासाठी त्या अख्ख्या काल्पनिक जगात एक स्टूल नाही!

ही व्यथा मी शेजारच्या निवृत्त मास्तरांना रंकाळ्यावर फिरताना ऐकवली. मास्तर इतिहास शिकवत. अजून शिकवतात, फक्त वर्ग नसतो.

"अहो, तुमचा तो टोळकिन ऱ्हाऊ दे," मास्तर म्हणाले. "आपल्या बावड्याच्या पंतांचं वाचलासा का?"

"कुठले पंत?"

मास्तर थांबले. हातातली काठी त्यांनी फुटपाथवर आपटली. "रामचंद्रपंत अमात्य! कोल्हापुरात जन्मून हे विचारताय व्हय?" आणि रात्री घरी येऊन आज्ञापत्राचे पुस्तक माझ्या हातावर असे ठेवले, जसा नापास झालेल्या पोराच्या हातावर निकाल ठेवतात.

आता माझ्या अज्ञानावर पांघरूण घालून थोडी माहिती देतो. रामचंद्रपंत नीळकंठ हे शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनचे अमात्य. त्यांनी पाच छत्रपतींच्या कारकीर्दी पाहिल्या. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या वेळी, राज्य कसे चालवावे यावर त्यांच्या नावचा जो ग्रंथ झाला तो आज्ञापत्र. त्यात एक अख्खे प्रकरण दुर्गांचे. आणि अमात्य म्हणजे कोण? मुजुमदार. म्हणजे जमाखर्च बघणारा! मी तिथेच टुणकन उठून बसलो. मराठीत किल्ल्यांवर जे सगळ्यात चांगले लेखन झाले, ते कवीने केलेले नाही, शाहिराने नाही, सेनापतीनेही नाही. ते हिशेबनिसाने केले आहे.

मी समीक्षक या नात्याने सांगतो, हे प्रकरण कोणत्याही अद्भुत कादंबरीच्या तोडीस तोड आहे. फक्त त्यातले अद्भुत उलट्या बाजूने येते. पंतांना तलवारीचे कौतुक फारसे नाही. त्यांना काळजी पाण्याची. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघा म्हणतात. एक झरा आहे म्हणून खूश होऊ नका, टाकी खोदून साठा ठेवा. कारण वेढ्यात तोफांच्या दणक्याने झरे आटतात. वाचताना अंगावर काटा येतो. शत्रू अजून क्षितिजावर दिसत नाही, आणि हा माणूस तोफेच्या आवाजाने जमिनीखाली पाण्याचे काय होईल याचा विचार करतो आहे! दरवाजे खालून दिसता कामा नयेत. एकावर भागत नाही, चोरदिंड्याही ठेवा. गडाजवळ दुसरा उंच डोंगर असला तर त्याचा आधी बंदोबस्त करा. दारूगोळ्याचे कोठार राहत्या घरांजवळ नको, आणि दारूला ठरल्या दिवसांनी ऊन दाखवा. धान्याच्या कोठारात उंदीर, मुंग्या, वाळवी यांचा शिरकाव होऊ नये. गडावर झाडे लावा, भोवतीचे रान राखा. वाटेवर केर टाकू नका; तो जाळून त्याची राख परसात घाला आणि त्यावर भाजी करा.

भाजी! टोल्किनसाहेबांचा चारा आणि पंतांची भाजी. दोघांची भेट झाली असती तर मध्ये दुभाषी लागला असता, पण मतभेद झाला नसता.

आणि जादूगार? आहे की! गडावर कोणकोण हवे याची पंत यादी देतात. त्यात वैद्य आहेत, जखमा बांधणारे आहेत, लोहार, सुतार, पाथरवट आहेत, आणि मंत्रतंत्र करणारा पंचाक्षरीसुद्धा आहे. पण तो पांढरी दाढी वाऱ्यावर उडवत ऐन वेळी उगवत नाही. लोहार-सुतारांच्या ओळीत त्याचे नाव आहे. म्हणजे पगारपत्रकावर सही करणारा जादूगार. इतकी मोठी कल्पना अजून कुठल्या फँटसीवाल्याला सुचलेली नाही.

मी चिरंजिवांना म्हटले, "चल, तुला खराखुरा खिंडीतला किल्ला दाखवतो. अगदी ग्रंथकर्त्याच्या दारातला." पंतांच्या घराण्याची जहागीर बावड्याची. तिथला गगनगड कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधल्याचे सांगतात. त्याच्या पायथ्यापासून दोन घाट कोकणात उतरतात, एक करूळचा, दुसरा भुईबावड्याचा. काउंटर एक, रांगा दोन. माझ्या ओळखीची व्यवस्था. जुलैतला रविवार होता. सौभाग्यवतींनी थालीपिठे बांधून दिली आणि 'पाऊस आहे' एवढे दोनच शब्द बोलल्या. लग्नाला एकोणीस वर्षे झाली की सल्ला लहान होत जातो.

गगनबावड्याचा पाऊस हा जिल्ह्यातला नामांकित पाऊस. आम्ही वर गेलो तेव्हा गगनगिरी महाराजांच्या मठाची घंटा तेवढी ऐकू येत होती. बाकी सगळे धुके. कोकण दिसेना, घाट दिसेना, चिरंजीवही मधूनमधून दिसेनासे होत. मी हात करून म्हणालो, "इथून खाली सगळा मुलूख दिसतो."

"कुठून?"

"इथून. दिसत नाहीये, पण दिसतो."

चिरंजीव कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाबा, असं धुकं असताना इथला पहारेकरी काय करत असेल?"

मला उत्तर सुचेना. चार महिने असाच पाऊस, समोर पांढरा पडदा, काही दिसत नाही, कोणी येत नाही, आणि तरी उभे राहायचे. "ऐकत असेल," मी म्हणालो. चिरंजिवांनी मान डोलावली. मी म्हणालेले काहीतरी त्यांना पटल्याचा तो त्या वर्षातला पहिला प्रसंग.

परत निघालो तर कुंभीचे पाणी रस्त्यावर. बॅरिकेड लावून पोलीस उभा. खिंड अडवायला किल्लाच लागतो असे नाही, नदी मनावर घेते तेव्हा एक मोरीही पुरते. रात्र बावड्यात एका लॉजमध्ये काढली. सकाळी तोंड धुताना विजारीच्या खिशात काहीतरी टोचले, म्हणून हात घातला. आणि मी मटकन खाली बसलो. तिजोरीची किल्ली!

ज्यांनी बँकेत नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन लागतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. हेतू असा, की दोघांपैकी एकाच्याच मनात पाप आले तर काही बिघडू नये. एक जण गगनगडावर गेला तर काय, याचा विचार हेतूत नाही.

फोनला रेंज येत-जात होती. मॅनेजरसाहेब ओरडत होते, "तुम्ही आहात कुठं?"

"गगनगडावर, साहेब."

"कुठं?"

"गगन... गगन..."

"अहो, गगनात काय करताय? इथं पेन्शनवाले बसलेत!"

पुढचे ऐकू आले नाही ते बरेच झाले. शेवटी दुसऱ्या शाखेत ठेवलेली जादा किल्ली मागवून, त्याचे कागदपत्र करून, साडेबाराला तिजोरी उघडली. तोपर्यंत चाळीस पेन्शनरांनी शाखेच्या बाकांवर बसून माझ्या घराण्याचा इतिहास लिहिला. मी दुपारी पाणी ओसरल्यावर पोचलो, तेव्हा साहेबांनी काहीही न बोलता खुलासा मागणारे पत्र पुढे सरकवले. त्यावरचा मायना 'डियर सर' नव्हता.

त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा मास्तरांची पुस्तके काढली. सभासदाच्या बखरीत सापडले, की शिवाजी महाराजांच्या गडावर एक अधिकारी नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे. शिवाय कोठाराला कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे, पण हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, पहारा सरनोबताकडे. एकट्याने फितायचे म्हटले तरी गड देता येऊ नये. जॉइंट कस्टडी! साडेतीनशे वर्षांपूर्वी! सिरिथ उंगोलच्या दगडी पहारेकऱ्यांना तीन तोंडे होती. आमच्याकडे तीन तोंडे तर होतीच, आणि एकाचे दुसऱ्यावर लक्षही होते.

पण समीक्षकाने आपल्या आवडत्या ग्रंथालाही सोडू नये. व्यवस्था कितीही चोख असली तरी गड जातातच, आणि बहुतेक वेळा हिशेबाने जातात. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड औरंगजेबाकडे गेला. अनेक महिन्यांचा वेढा झाला, तोफा झाल्या, गड हटेना. शेवटी परशुरामपंत प्रतिनिधींनी दोन लाख रुपये घेऊन तो खाली करून दिला. ऐकायला वाईट वाटते. पण तारीख बघा! जून. पैसे मोजून मिळालेला गड आणि वर आंब्याचा पाऊस. विशाळगडाहून पन्हाळ्याला यायला बादशाही फौजेला महिन्यावर दिवस लागले. ओढ्यांत माणसे गेली, जनावरे गेली, सामान गेले. काही वर्षांत गड पुन्हा मराठ्यांकडे. वाणिज्य शाखेच्या दृष्टीने याला मी फितुरी म्हणणार नाही. चढ्या भावात विकून पडत्या भावात परत घेणे, असे म्हणेन.

दुसरा हिशेब मात्र असा हसण्यावारी नेता येत नाही. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड. हे गडकरी पिढ्यान् पिढ्या गडाची राखण करणारे, त्याबद्दल त्यांना जमिनी लावून दिलेल्या. इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या कारभाऱ्यांनी नवी व्यवस्था आणली आणि त्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली घातल्या. कुणीतरी एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंद फिरवली, एवढेच. कागदावर बाकी जुळली असेल. पण गडावरच्या माणसाला कळले, की आपले इथले काम संपले. मग तोफा आल्या, बंड मोडले, तट पाडले. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज नाही, तो त्या वेळी गेला. तो कंटाळ्याने पडला नाही आणि मोरीनेही नाही. राखणाऱ्याला राखण्याचे कारण उरले नाही, म्हणून पडला.

आणि याच वाटेवर ती खिंडही आहे, जिथे किल्ला नव्हताच. १६६० सालची जुलैची रात्र. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निघालेले, मागे सिद्दी जौहरचे सैन्य, पुढे विशाळगड, त्यालाही मोर्चे लागलेले. मध्ये घोडखिंड. तिथे दगडाची भिंत नव्हती, बाजीप्रभू आणि त्यांचे सुमारे तीनशे मावळे हीच भिंत. गडावरून तोफा ऐकू येईपर्यंत उभे राहायचे, एवढाच हुकूम. त्याबद्दल मी विनोदी लेखकाने काही बोलू नये, आणि बोलणार नाही. फक्त एक हिशेबाची गोष्ट नोंदवतो. त्या रात्रीच्या आधी पन्हाळ्याने मार्चपासून चार महिने वेढा सोसला. म्हणजे चार महिने त्या गडावर कोणीतरी रोज सकाळी कोठार उघडून धान्य मापून दिले, आणि उरले किती ते लिहिले. ते माप चुकले असते, तर महाराजांना ती पावसाची रात्र निवडता आली नसती. भूक निवडेल त्या दिवशी निघावे लागले असते. खिंडीत पडलेल्यांची आठवण आपण ठेवली, ती ठेवायलाच हवी. मापाच्या त्या माणसाचे नाव मला कुठे सापडले नाही. बहुधा त्याने ते लिहिलेच नसेल. नोंदवहीत स्वतःचे नाव लिहायला रकाना नसतो.

तेव्हा माझे अंतिम मत असे. टोल्किनसाहेबांचा बुरूज पहिल्या प्रतीचा. पहारा पेंगतो हे त्यांना कळले म्हणून. हेल्म्स डीपचा सिनेमा दुसऱ्या प्रतीचा, मोरीमुळे. रामचंद्रपंतांचे प्रकरण मात्र या दोहोंच्या वर. कारण पहारा पेंगू नये म्हणून रोज सकाळी उठून काय करायचे, हे फक्त त्यांनी सांगितले आहे. अद्भुत गोष्ट राक्षसांनी हल्ला करण्यात नाही. राक्षस येत नसतानाही कोणीतरी दारूला ऊन दाखवतो, यात आहे.

हे सगळे मी चिरंजिवांना ऐकवले नाही. खुलाशाचे पत्र आल्यापासून घरात माझे उपदेशाचे हक्क तहकूब होते. पण गेल्या रविवारी ते आपणहून माझ्याजवळ आले. हातात वही होती. वहीत डोंगर, डोंगरात खिंड, खिंडीवर किल्ला. मित्रांसाठी काहीतरी खेळ तयार करत होते. राज्याचे नाव उच्चारायला कठीण, म्हणजे चांगलेच असणार.

"बाबा, किल्ल्यावर तीनशे माणसं चार महिने राहिली तर धान्य किती लागेल?"

मी पेपर खाली ठेवला. कॅल्क्युलेटर काढला, हात किंचित थरथरत होता. "माणशी रोज अर्धा किलो धर. दिवसाला दीडशे किलो. एकशेवीस दिवसांचे अठरा हजार. एकशेऐंशी क्विंटल."

त्यांनी लिहून घेतले. "आणि उंदीर?"

"अं?"

"उंदीर खाणार ना थोडं. ते कुठं धरायचं?"

वाचकहो, आमच्या खात्यात याला बुडीत कर्जाची तरतूद म्हणतात. बँकेत ती करायला वरून परिपत्रके यावी लागतात. मी भरल्या गळ्याने म्हणालो, "पाच टक्के वेगळे काढ."

चिरंजिवांनी किल्ल्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन काढला आणि त्यात लिहिले, 'कोठार'. चौकोनाबाहेर एक माणूस काढला. त्याच्या हातात तलवार नव्हती, वही होती. मी चष्मा पुसला.

"छान जमलाय," मी म्हणालो.

"हो. पण बाबा, याच्या कोठाराची किल्ली कुणाकडे?"

मी नकळत खिसा चाचपला.